खोटी उंची

पाचव्या पट्टीतल्या त्या फोटोत एकोणचाळीस छपरं होती. साठवण तलाव दोन, एक काठोकाठ भरलेला, दुसरा निम्मा. पंपघर एक. उंच जलकुंभ एक आणि त्याची आखूड, जाड सावली. झाडं मी सत्तावन्न मोजली, पण एकमेकांत शिरलेल्या शेंड्यांना एकच धरलं होतं, तेव्हा खरी साठ-पासष्ट असतील. दोरीवर वाळत घातलेले कपडे अकरा, त्यांत एक चादर. कुंपणाला लागून उभा असलेला एक ट्रक. माणसं चार, म्हणजे सावली असलेले आणि दुसरं काही असूच न शकणारे चार ठिपके. हे सगळं मोजायची मला गरज नव्हती. माझं काम फक्त जमिनीची उंची मोजायचं. पण नवा फोटो पडद्यावर आला की आधी त्यात काय काय आहे ते मोजून घ्यायचं ही माझी सवय आहे. काही लोक अनोळखी खोलीत शिरल्यावर आधी खिडक्या किती ते बघतात, तशी. तर छपरं मोजताना तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या छपरावर मला एक बारीक काळं कडं दिसलं. कडं, आणि त्याच्या आत पांढरट पत्रा. वारं सुटलं की पत्रा वाजतो म्हणून बाबांनी आमच्या छपरावर ट्रकचा जुना टायर ठेवला होता. वसाहतीत दुसऱ्या कुणाच्याच छपरावर टायर नव्हता. शेजारचे म्हणायचे, तुमच्या घराला चाक लावलंय, एक दिवस निघून जाईल ते. मी माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. मग फोटोच्या कडेकडे पाहिलं. जुन्या हवाई फोटोंना काळी किनार असते आणि तिच्यात कॅमेऱ्यानेच टिपलेल्या चार छोट्या गोष्टी असतात: घड्याळ, उंचीमापक, पाणसळीचा बुडबुडा आणि फोटोचा क्रमांक. शेजारी हाताने लिहिलेली तारीख. ती मला नीट वाचावी लागली नाही. ती तारीख आमच्या घरी दरवर्षी येते, कॅलेंडरवर तिच्याभोवती कुणी खूण केलेली नसते, आणि त्या दिवशी कुणी रेडिओ लावत नाही.

शहराच्या त्या भागात आता तलाव नाहीत. मोठी जलवाहिनी आली तेव्हा ते बुजवले, वर माती टाकली, काही वर्षांनी त्या मातीवर सहा इमारती उभ्या राहिल्या आणि आता त्यांच्या भिंतींना तडे जायला लागलेत. कुठली जमीन मूळची आणि कुठली भरावाची हे पालिकेला हवं होतं, म्हणून एकोणीस वर्षांपूर्वीचे हवाई फोटो कुठल्याशा तळघरातून काढून आमच्या कार्यालयात पाठवले होते. फिल्म स्कॅन करायची, जुन्या जमिनीची उंची मोजायची, आजच्या उंचीतून वजा करायची. उरेल तो भराव. काम सोपं आहे आणि मला ते आवडतं. विमान एका पट्टीवरून सरळ रेषेत जातं आणि ठरावीक अंतराने फोटो घेतं, असे की एका फोटोतला निम्म्याहून अधिक भाग पुढच्यातही यावा. म्हणजे तीच जमीन दोन जागांवरून टिपली जाते. डाव्या डोळ्याला एक फोटो आणि उजव्याला दुसरा असे एकाच वेळी दाखवणारा चष्मा लावला की सपाट कागद हळूहळू फुगतो. झाडं उठून उभी राहतात, खड्डे आत जातात, छपरं आपापल्या उंचीवर जाऊन थांबतात. त्या देखाव्यात एक प्रकाशाचा ठिपका तरंगत असतो. चाक फिरवून तो खाली आणायचा आणि जमिनीला नेमका टेकवायचा. टेकला की पायाखालचं बटण दाबायचं. झाली एक उंची. दिवसाला मी अशा आठशे करते. संध्याकाळी बसमध्ये समोरच्या माणसाच्या खांद्यावर ठिपका टेकवावासा वाटतो.

यात एकच फसवणूक असते, आणि ती पहिल्या आठवड्यात प्रत्येकाची होते. दोन फोटोंच्या मध्ये काही सेकंद गेलेले असतात. जमीन तेवढ्यात कुठे जात नाही, पण गाड्या जातात. दोन्ही फोटोंत जागा बदललेली वस्तू दोन डोळ्यांना दोन ठिकाणी दिसते आणि तो फरक आपला मेंदू उंची म्हणून वाचतो. विमानाच्या उलट दिशेने येणारी गाडी हवेत तरंगते. विमानाच्या दिशेने जाणारी जमिनीखाली बुडते. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते माझ्या पहिल्या आठवड्यात माझा नकाशा बघत पाठीमागे उभे राहिले होते. "अगं, हा ट्रक रस्त्याच्या चाळीस मीटर वरून चाललाय," ते म्हणाले. "ह्याला लायसन कुणी दिलं? तू?" सगळी खोली हसली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि हळू आवाजात समजावलं की याला खोटी उंची म्हणतात, ती सापडली की पुसायची, आणि पुढे जायचं. "हलतं ते आपलं नाही. एवढं एक डोक्यात ठेव, बाकी सगळं यंत्र करतं." तेव्हापासून मी माणसं, गाड्या, गुरं, पाण्यावरच्या लाटा, वाऱ्याने हललेले कपडे, सगळं पुसत आले. नकाशा पुरा होतो तेव्हा त्यात कुणीच नसतं. हे मला कधी विचित्र वाटलं नव्हतं. नकाशा म्हणजे सगळे निघून गेल्यावर जे उरतं ते, असंच मी धरून चालले होते.

विमान मला आठवत नाही. मला सांगितलेलं विमान आठवतं. ते सकाळपासून वसाहतीवरून येत-जात होतं, एकदा इकडून, एकदा तिकडून, दर वेळी थोडं पुढे सरकून, कुणी अंगण झाडावं तसं. माझा कान ठणकत होता म्हणून आई मला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेली होती. मी सात वर्षांची होते. भुंगा चार वर्षांचा. त्याचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. जेवताना, आंघोळ करताना, झोपेतसुद्धा तो तोंडाने घूं असा आवाज काढायचा, म्हणून भुंगा. भुंग्याला बाबांकडे ठेवलं होतं. बाबा पंप चालवायचे. रात्रपाळी संपली होती, पण दुसरा पंपवाला रजेवर होता म्हणून दिवसाची पाळीही त्यांच्याच गळ्यात पडली होती. ज्या मुलाच्या तोंडून दिवसभर विमान निघायचं त्याच्या डोक्यावरून खरं विमान जात होतं, पुन्हा पुन्हा. एवढंच झालं. दुपारी बाराच्या सुमारास तो शेजाऱ्यांना मोठ्या तलावाच्या पूर्वेकडच्या झडपेच्या जाळीपाशी सापडला. आम्ही पोचलो तेव्हा बांधावर गर्दी होती. आई त्याच्यावर घालायला काहीतरी आणायला पंपघरात गेली आणि तिथल्या बाजेवर तिने उशी पाहिली. उशीला मधोमध खळगा होता. हे मला माहीत आहे, कारण चार दिवसांनी स्वयंपाकघरात ती बाबांना म्हणाली, "झोपला होतात तुम्ही." बाबा म्हणाले, "नाही गं. मी बांधावर होतो. हाका मारत होतो." ती म्हणाली, "उशीला खळगा होता." मी दाराशी होते. माझ्या एका कानात औषधाचा कापूस होता, म्हणून ते बोलणं मला फक्त उजव्या बाजूने ऐकू आलं, आणि अजूनही तसंच येतं. त्यांनी एकमेकांशी थेट केलेलं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर बाबा सतरा वर्षं जगले.

भांडण म्हणावं असं काही नव्हतं. जेवण वेळेवर व्हायचं, कपडे धुतले जायचे, नळ दुरुस्त व्हायचे. फक्त सगळं माझ्यामार्फत. "तुझ्या बाबांना सांग, मोरीतला नळ गळतोय." "तुझ्या आईला सांग, संध्याकाळी वायसर आणतो." तिघंही एकाच टेबलाशी बसलेले, मध्ये दोन हातांचं अंतर. मी टपाल होते आणि हळूहळू त्यात हुशार झाले. आईने म्हटलं, "विचार त्यांना, आज तरी लक्षात राहणार आहे का," की मी बाबांकडे वळून म्हणायचे, "बाबा, आठवणीने आणा हं." बाबा ते मूळ वाक्यही ऐकत असत आणि माझी दुरुस्त प्रतही, आणि माझ्याच प्रतीला उत्तर देत असत. एकदा, मी दहावीत असताना, चिडून म्हटलं होतं, "मी उद्यापासून सुट्टीवर. काय बोलायचं ते बोला आपसात." दोन दिवस घरात कुणीच काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दूध नासलं आणि मी पुन्हा कामावर रुजू झाले. त्याआधी आई बाबांना "अहो" म्हणायची. सगळ्याच बायका म्हणतात तसं, पण तिचं ते "अहो" थोडं लांबट होतं, शेवटी किंचित वर जाणारं, जणू पुढे काहीतरी गमतीचं येणार आहे. ते मला आठवतं की मी मागाहून बनवलंय हे मला खात्रीने सांगता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा रुग्णालयात होते. त्यांच्या पलंगाला चिकटून आई स्टुलावर बसलेली आणि मी पायाशी उभी. बाबा मला म्हणाले, "आईला सांग, कंबर दुखत असेल. घरी जा म्हणावं." मी आईकडे पाहिलं. "सांग त्यांना," आई म्हणाली, "मी बसते." मी सांगितलं. बाबांनी मान हलवली. ते त्यांच्यातलं शेवटचं टपाल.

त्या मंगळवारी खिडकीबाहेर दुपार होती, शेजारच्या टेबलावर कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडत होतं, आणि मी चष्मा लावला. मला नक्की काय बघायचं होतं ते माहीत होतं आणि तरी मी आधी जलकुंभाच्या पायथ्याची उंची घेतली, मग रस्त्याची, मग कुंपणाच्या कोपऱ्याची. नियमाप्रमाणे. पाचव्या पट्टीवर विमान पूर्वेकडे जात होतं. किनारीतल्या घड्याळात अकरा चौदा. कुंपणाच्या आतून तलावाकडे जाणारी पायवाट आहे, तिच्यावर एक ठिपका होता. चारांपैकी सर्वांत लहान. बाकी तिघं वसाहतीत होते, दारात किंवा दोरीपाशी, आणि जागचे हलले नव्हते. ते जमिनीवर नीट उभे होते. हा नव्हता. दोन डोळ्यांना दोन जागी दिसत होता, डाव्याला अलीकडे, उजव्याला पलीकडे. सवयीने माझा हात चाकावर गेला. मी प्रकाशाचा ठिपका खाली नेऊ लागले. पायवाटेला टेकला. तिच्याही खाली गेला. जमिनीच्या आत, जिथे मोजायला काही नसतं तिथे, खाली, आणखी खाली, आणि दोन डोळ्यांना दिसणारे ते दोघे एकमेकांकडे सरकू लागले. विमानाच्या दिशेने जाणारं बुडतं. तो विमानामागे धावत होता, तोंडाने आवाज काढत असणार, मान वर करून. दोन ठिपके एक व्हायच्या आधी मी चाक सोडलं. किती खोल ते मी पाहिलं नाही. तो आकडा कुठेही नोंदलेला नाही.

त्या विमानात दोघं-तिघं असतील. एक चालवणारा, एक कॅमेऱ्याशी वाकलेला, कदाचित एक दिशा बघणारा. हवा स्वच्छ आहे, ढग नाहीत, सूर्य पुरेसा वर आहे, सावल्या आखूड आहेत, फोटो उत्तम येणार म्हणून ते खूश असतील. चांगल्या हवेचे दिवस या कामात मोजके मिळतात, हे मला आता माहीत आहे. मी त्यांच्यावर रागवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्यांनी काढलेल्या फोटोंची धार इतकी छान होती की दोरीवरच्या चादरीची घडीसुद्धा दिसत होती.

पट्टी संपली की विमान वळतं आणि शेजारच्या पट्टीवरून उलट दिशेने परत येतं. दोन पट्ट्यांची कड एकमेकीवर चढलेली असते, आणि आमची वसाहत नेमकी त्या कडेत होती. सहावी पट्टी. विमान पश्चिमेकडे, घड्याळात अकरा तेवीस. मधली नऊ मिनिटं कुठल्याच फोटोत नाहीत. पायवाट रिकामी होती. पंपघराचं दार आधी बंद, करड्या रंगाचं होतं. आता तिथे काळा चौकोन होता, म्हणजे उघडं. तलावाचं पाणी सपाट आणि काळं. पाण्याला उंची देता येत नाही, ठिपका त्यात कुठेच टेकत नाही. मी कडेकडेने पाहत गेले. उत्तरेच्या बांधावर, सिमेंटच्या पांढऱ्या पट्टीवर, एक माणूस होता. दोन माणसं, खरं तर. डाव्या डोळ्याला एक आणि उजव्याला एक, मध्ये बरंच अंतर. मी चाक वरच्या बाजूला फिरवलं. ठिपका बांधावरून उठला, पंपघराच्या छपराएवढा झाला, झाडांच्या शेंड्यांच्या वर गेला, जलकुंभाच्या माथ्याच्याही वर, आणि ती दोन माणसं हळूहळू जवळ येत अडतीस मीटरवर एक झाली. माझे बाबा तलावाच्या वर, अडतीस मीटर उंचीवर, रिकाम्या हवेत उभे होते. त्यांची सावलीही त्यांच्यासोबत वर गेली होती आणि त्यांच्या पायाशी पडली होती, जणू तिथेही जमीन आहे. "चहा घेणार का?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, आणि मी म्हटलं, "हो, साखर कमी."

पुढचे तीन दिवस मी ते फोटो उघडले, पण फक्त तपासायला. घड्याळ चुकीचं असू शकतं. जलकुंभाची उंची ठाऊक होती, सावलीची लांबी मोजली, त्यावरून सूर्य किती वर होता ते काढलं, त्यावरून वेळ. घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं, म्हणजे जवळपास बरोबरच. तो माणूस दुसरा कुणी असू शकतो. पण तलावाच्या कुंपणाला कुलूप असायचं आणि त्या दिवशी त्याची किल्ली एकाच माणसाकडे होती. भुंगा जिथून गेला ती कुंपणातली फट चार वर्षांच्या मुलाएवढीच होती, हे नंतर सगळ्यांनी पाहिलं होतं. राहता राहिली उशी. उशीला खळगा कुणाच्याही डोक्याने पडतो, आदल्या रात्रीच्याही, किंवा त्या नऊ मिनिटांतल्याही. माझ्याकडे दोन फोटोंमधले सहा सेकंद होते. त्याच्या आधी ते झोपले होते की नाही, हे कुठल्याच फोटोवरून कधी कळणार नाही. पण बाराला शेजाऱ्यांना भुंगा सापडेपर्यंत बाबा झोपलेच होते असं आई एकोणीस वर्षं समजत आली होती, आणि अकरा तेवीसला ते बांधावर होते. त्यांनी सांगितलं होतं तिथेच. आता हे आईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे मला कळेना. बाबा गेले होते. खरं ठरून त्यांना काही मिळणार नव्हतं. जे काही होणार होतं ते सगळं आईच्या वाट्याला. ती आता गुडघा धरून जिना उतरते आणि दुपारी खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघते. तिच्या त्या न बोलण्याला एक पाया होता, उशीतला एक खळगा, आणि तोच मी भरून काढणार होते. न सांगावं तर बाबांचा निरोप मीच अडवून ठेवल्यासारखं होतं. सगळ्या निरोपांत मी काटछाट केली होती, पण एकही गिळला नव्हता.

शनिवारी सकाळी आई शेंगा निवडत बसली होती. मी समोर बसले आणि दोऱ्या काढायला लागले.

"कालपासून काय झालंय तुला?" ती म्हणाली. "भाजीत मीठ दोनदा घातलंस."

"जुने फोटो आलेत कामावर. विमानातून काढलेले. आपल्या वसाहतीचे."

"आपल्या? आणि आम्हाला विचारलं नाही की काही नाही? केस तरी विंचरले असते." ती हसली. मी हसले नाही. तिचा हात थांबला. "कुठलं विमान?"

मी शेंगेची दोरी ओढत राहिले.

"ते?"

"हो."

तिने हातातली शेंग ताटात ठेवली, मग पुन्हा उचलली, तिचे दोन तुकडे केले. "माणूस दिसतो का त्यात?"

"दिसतो. मोहरीएवढा."

"कोण आहे?"

"बाबा आहेत. बांधावर." तिने पुढचं विचारलं नाही, म्हणून भुंग्याचं मी सांगितलं नाही. मला वाटतं, तिने ते ओळखलं आणि म्हणूनच विचारलं नाही.

"तुला कधी कळलं हे?"

"मंगळवारी."

"आज शनिवार."

"हो."

"चार दिवस तू जेवलीस कशी?" ती म्हणाली, आणि उठून कपडे बदलायला गेली.

कार्यालयात शनिवारी फक्त मास्तर असतात. आईला जिना चढायला वेळ लागला. मास्तरांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. "बसा, वहिनी. चष्मा लावल्यावर गरगरलं तर घाबरू नका. इथे आमचं सगळ्यांचंच गरगरतं, पगाराच्या दिवशी तेवढं थांबतं." आई कसनुसं हसली. मास्तरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पडद्यावरच्या जुन्या फोटोकडे पाहिलं, आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून, वर काहीतरी राहिलंय असं पुटपुटत निघून गेले. मी आईच्या चष्म्यावर आमचा चष्मा चढवला. तो एकसारखा घसरत होता, म्हणून तिने एका हाताने धरून ठेवला. सुरुवातीला तिला काहीच दिसेना. "दोन-दोन दिसतंय सगळं." "थांब जरा. डोळ्यांना एकत्र येऊ दे." मी सहावी पट्टी लावली होती. पाचवी उघडलीच नाही. मग तिच्या तोंडून हलकेच आवाज निघाला, सगळ्यांचा पहिल्यांदा निघतो तसा, आणि मला कळलं की जमीन उठली. तिने रिकामा हात पुढे केला. "जलकुंभ. हे पंपघर. अगं बाई, टायर." मी म्हटलं, "हो, टायर." तिने दोरीवरचे कपडे ओळखले, चादर आमची नव्हती, शेजारच्यांची होती, आणि भुंग्यावर घातलेली ती शेजारणीने नंतर कधी परत वापरली नाही असं आई म्हणाली. मग मी ठिपका अडतीस मीटरवर नेला आणि म्हटलं, "आता इथे बघ."

ती बराच वेळ बघत होती. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं.

"वर कसे?" ती म्हणाली. "हवेत?"

"वर नाहीत. जमिनीवरच आहेत. दोन फोटोंच्या मध्ये त्यांची जागा बदलली ना, म्हणून यंत्राला ते वर दिसतात. हलणारा माणूस असा दिसतो."

"चालत होते?"

"नाही. चालणारा एवढा वर जात नाही."

"कुठल्या बाजूला?"

"पूर्वेला." तिकडेच झडप होती. ते तिला सांगायची गरज नव्हती. "सकाळी अकरा तेवीसला. दोन मिनिटं इकडेतिकडे."

तिची मान हलली नाही. आमच्या चष्म्याखाली तिचा चष्मा, त्याखाली तिचे डोळे, आणि मला त्यांतलं काहीच दिसत नव्हतं. दोन्ही भिंगांत पडद्याचा करडा उजेड तेवढा होता. मग ती काहीतरी बोलली. इतकं हळू की मला वाटलं मला काही सांगतेय, म्हणून मी वाकले.

"अहो," ती म्हणाली.

लांबट होतं. शेवटी किंचित वर जाणारं. मी दोन वेळा श्वास घेतला आणि पुढचा निरोप यायची वाट पाहिली, सवयीने, पण तो माझ्याकडे आला नाही. तिने दुसऱ्या हातानेही चष्मा धरला, पण काढला नाही. "हे डोक्याला कधी काही बांधत नसत उन्हात," ती म्हणाली. "किती सांगितलं तरी." रस्त्यावरची गाडी बाहेर पडली असावी, हाका थांबल्या.

"तुला हे सगळं मोजता येतं ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग मोज."

"काय मोजू?"

"किती जोरात पळत होते ते."

हलणारी गोष्ट मोजण्यासाठी आमच्याकडे जागा नाही, तसं बटणही नाही. मी तो ठिपका अडतीस मीटरवरून खाली बांधावर आणला. डाव्या फोटोत ते जिथे होते तिथे त्यांच्या पायाशी टेकवला आणि बटण दाबलं. उजव्या फोटोत ते जिथे होते तिथे टेकवला आणि पुन्हा दाबलं. दोन्ही किनारींतल्या घड्याळांचे सेकंदकाटे मोठे करून वाचले, तीन-तीन वेळा. आई पडद्यावरून नजर न काढता थांबली होती.

अंतर चोवीस मीटर साठ सेंटिमीटर. मधला वेळ सहा सेकंद. सेकंदाला चार पूर्णांक एक मीटर.